वाऱ्याला पाठ

'वारा पाहून पाठ द्यावी' हे व्यवहाराचे शहाणपण आपण घरोघर ऐकतो. विमानाचे शास्त्र मात्र याच्या नेमके उलट आहे. ते वाऱ्याला छाती देऊन उडते. उठण्यासाठी पंखांवर ताशी ६० मैलांची हवा लागत असेल आणि समोरून १० मैलांचा वारा असेल, तर जमिनीवर ५० चा वेग पुरतो. तोच वारा पाठीमागून आला, तर ७० गाठावे लागतात.

त्यातून त्या काळची लहान विमाने पुढे दोन चाके आणि मागे शेपटीला टेकू, अशी बसकी असत. भार चाकांच्या मागे. बाजूचा वारा लागला, की शेपटी ढकलली जाऊन नाक वाऱ्याकडे वळे, आणि मागचा भार ते वळण आणखी वाढवी. वैमानिकाने पायांनी सुकाणू सांभाळावे, हातातला दांडा वाऱ्याच्या बाजूस झुकवून तिकडचा पंख दाबून धरावा आणि वेग येताच शेपटी उचलावी. म्हणून तर जुने विमानतळ बहुधा मोकळी गवताळ मैदाने असत. वारा असेल तिकडे तोंड करून धावता येई.

२० मे १९२७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट मैदानावर २५ वर्षांचा चार्ल्स लिंडबर्ग एकटाच पॅरिसला निघाला, तेव्हा पोटात ४५० गॅलन पेट्रोल होते आणि जमीन पावसाने चिखल झालेली. मोठी टाकी समोरच असल्याने पुढे पाहण्यास खिडकीही नव्हती. विमान पूर्वेकडे तोंड करून उभे केले, आणि ऐन वेळी वारा फिरला! तो पाठीमागून ताशी सुमारे ५ मैल वाहू लागला. दुसऱ्या टोकाहून निघावे, तर हँगर आणि घरांच्या डोक्यावरून उडावे लागणार. याच मैदानावर सप्टेंबर १९२६ मध्ये रने फोंक यांचे जड विमान न उठताच पेटले होते. त्यांचे दोन सहकारी त्यात गेले.

सगळा हिशेब मनाशी करून ७ वाजून ५२ मिनिटांनी लिंडबर्गने वाऱ्याला पाठ दिलीच. विमान किंचित उचलले, पुन्हा चिखलात टेकले, पुन्हा उचलले. आणि टेलिफोनच्या तारांवरून सुमारे २० फुटांनी निघून गेले.

साडेतेहतीस तासांनी तो पॅरिसला उतरला. अटलांटिक ओलांडल्याचे कौतुक जगाने केले, ते योग्यच. पण नियम मोडावा लागलाच, तर त्याची किंमत आधी पुरती मोजून मोडावा, हे त्याने त्या चिखलातल्या धावेत दाखविले होते.