घोडनदीकाठचे बेघर

शिरूर तालुक्यातील इनामगावाचे नाव विद्वानांच्या तोंडी झाले ते तेथील पांढरीच्या टेकाडांमुळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी व डॉ. ढवळीकर यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन केले आणि शंभराहून अधिक घरे उजेडात आणिली. तीन हजार वर्षांपूर्वीचे हे शेतकरी ऐसपैस चौकोनी घरांत राहत, पाट काढून शेत भिजवीत. गावप्रमुखाच्या घराला लागून धान्याचे कोठार होते. घराचा त्यांना लोभ किती! मृतांसही ते घरच्या जमिनीतच पुरीत. मोठ्या माणसांची तर पावले तोडून पुरीत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये, हा त्यातला हेतू असावा असे संशोधक म्हणतात.

अशा लोकांवरही बेघर होण्याची पाळी आली. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, असे डॉ. ढवळीकरांचे मत. गहू कमी झाला, शिकार वाढली, चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. बेघर माणूस आळसाने बेघर होतो, असे आपल्या बैठकांतून सहज बोलले जाते. त्या बोलणाऱ्यांनी ही टेकाडे एकदा पाहावीत. शिरूर-दौंडच्या उसाच्या फडांशेजारी दरसाल ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात, त्याही पाहाव्यात. गावी पाणी असते तर ही बिऱ्हाडे येथे कशाला आली असती?

घोडनदी भीमेस मिळते, भीमा पंढरपुरी जाते. तेथे वारीस आलेल्या अस्पृश्य यात्रेकरूंना पाठ टेकावयास जागा नसे. हातात खराटा व फुटके गाडगे घेऊन हिंडणाऱ्या गाडगे महाराजांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभारिली. याचक दारी येईल तेव्हा देऊ, ही त्यांची रीत नव्हे. आंधळे, पांगळे, महारोगी जेथे बसत तेथे ते स्वतः अन्न घेऊन जात. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांचे नातलग पदपथावर निजत. त्यांच्यासाठीही त्यांनी १९५४ साली धर्मशाळा बांधविली.

इतक्या वास्तू उभारिल्या, पण मालकी स्वतःकडे वा कुटुंबाकडे ठेविली नाही. पंढरपूरची ती धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, आणि यात्रेकरूंच्या त्या जागी विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले.