मांडव (कोकणातील अंगणाचा)

मांडव : कोकणात पावसाळा सरल्यावर घरापुढच्या अंगणात घालतात ते सपाट, चारी बाजूंनी उघडे, हंगामी छप्पर. सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्याला माटव म्हणतात. दिवाळीच्या आगेमागे घातलेला मांडव मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उतरवतात. मांडव ऊन अडवतो, पाऊस नाही. त्याची सगळी रचना यावरूनच ठरते. म्हणून छपराला उतार लागत नाही, कौले पेलणारे जाड लाकूड लागत नाही, आणि घरची चार माणसे दोन दिवसांत तो उभा करू शकतात.

जागा आखताना सूर्याकडे पाहावे लागते. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी थेट माथ्यावर येतो आणि सावली मांडवाच्या अगदी खाली पडते. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे कलून जेमतेम ५० अंशांवर असतो. तेव्हा आठ फूट उंच मांडवाची सावली दुपारी जवळजवळ सात फूट उत्तरेला सरकते आणि दक्षिणेकडून कोवळे ऊन आत शिरते. थंडीत ते हवेच असते. खरा त्रास मावळतीच्या उन्हाचा, त्यामुळे पश्चिमेला एखादा झाप, म्हणजे माडाच्या झावळीची विणलेली चटई, उभा बांधतात. तुळशीवृंदावन छायेबाहेर राहील अशी आखणी करावी.

पावसाने उखणलेले अंगण खणून सारखे करतात, पाणी मारून चोपण्याने चोपतात आणि शेणाने सारवतात. खांब मात्र चोपण्याआधी रोवलेले बरे, नाहीतर घट्ट बसलेली जमीन पुन्हा फुटते. माथ्याला बेळके (दुफाटा) असलेला खांब म्हणजे मेढ. ती दीड-दोन फूट खोल रोवतात. दोन मेढींत सहा-सात फुटांचे अंतर ठेवले की आडवे लाकूड मध्ये वाकत नाही. आडवे बेळक्यात नुसते बसते. त्यावर बांबू किंवा उभी चिरलेली पोफळ पसरून सुंभाने आवळतात. खिळा मारत नाहीत, कारण सहा-सात महिन्यांनी सगळे सोडायचे असते. वाळवी लागू नये म्हणून मेढीचे जमिनीत जाणारे टोक विस्तवावर काळे करतात किंवा त्याला डांबर फासतात.

वरचे आच्छादन विणलेल्या माडाच्या झापांचे. झावळ मधल्या दांड्यावर उभी चिरायची, पाण्यात भिजू द्यायची आणि पाती एकाआड एक खालीवर घालत विणायची. कोरडे पाते विणताना तुटते. ताजे विणलेले झाप हिरवे असतात, काही दिवसांत ते तपकिरी पडतात आणि पाती आकसून बारीक फटी राहतात. या फटी म्हणजे दोष नव्हे. तापलेली हवा त्यांतून वर निघून जाते, म्हणूनच झापांखाली मे महिन्यातही बसवते.

सुपारीच्या बागायतीत मांडवाला आणखी एक काम असते. श्रीवर्धन, मुरूड, गुहागर या पट्ट्यात सोललेली किंवा सालासकट सुपारी मांडवावर वाळत घालतात. तिथे वरून ऊन आणि खालून वारा मिळतो, गुरे-कोंबड्यांचा उपद्रव होत नाही. सुपारी नीट वाळायला महिना-दीड महिना लागतो. असा मांडव माणसाचे वजन पेलेल इतका भक्कम करावा लागतो, मेढी जवळजवळ घ्याव्या लागतात. मांडवाखाली अंगणात आंबापोळी, फणसपापड यांची कामे चालतात, शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी येते, उन्हाळ्यात लग्ने लागतात. लग्नाच्या मांडवात पहिला खांब पूजा करून रोवतात, तीच मुहूर्तमेढ.

अलीकडे अंगणात फरशी येते आणि तिच्यावर लोखंडी पाइप व पत्र्याची कायमची शेड. झाप विणणारे हात कमी झाले, माडावर चढणारे मिळत नाहीत, आणि पत्र्याला दरवर्षीची खटपट नाही; त्यामुळे हा बदल समजण्याजोगा आहे. पण पत्रा दुपारी तापतो आणि खाली बसणे नकोसे होते. हिरवी जाळी स्वस्त व सुटसुटीत असली, तरी झापांइतकी दाट सावली देत नाही. ज्यांना दरवर्षी मेढी रोवणे शक्य नाही त्यांनी पाइपचे खांब कायम ठेवावेत आणि आच्छादन झापांचेच करावे, हा मधला मार्ग चांगला चालतो.

मांडव उतरवताना आधी झाप काढतात, मग सुंभ सोडून बांबू. धड राहिलेले झाप पावसाच्या माऱ्याकडच्या भिंतीला बांधतात. मोडके न्हाणीच्या चुलीत जातात. मेढी आणि आडवी पुढच्या वर्षासाठी गोठ्याच्या माळ्यावर ठेवतात.