धुंदीचीं दोनशें नांवें

बेंजामिन फ्रँक्लिन १७२२ सालीं अवघा सोळा वर्षांचा होता. त्या वर्षीं बोस्टनमध्यें, भावाच्या वर्तमानपत्रांत, एका विधवेच्या टोपणनांवानें लिहितांना त्यानें एक मर्म हेरलें: दारुड्यांनीं आपल्या स्थितीसाठीं इतके शब्द शोधून काढले, यांतच त्यांची लाज दिसून येते. पुढें फिलाडेल्फियास मुद्रक झाल्यावर, १७३७ च्या जानेवारींत, ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’ या आपल्या पत्रांत त्यानें अशा दोनशेंहून अधिक इंग्रजी प्रयोगांचा कोशच छापला. त्यांत कोणी ‘बार्बाडोसला जाऊन आलेला’, कोणी ‘जेरुसलेमला निघालेला’, तर कोणाला ‘जोडा चावतो’. मद्याचें नांवही नको. बार्बाडोसची रम ठाऊक असणारास तेवढी खूण पुरे.

फ्रँक्लिनची मीमांसा अशी: लोभ स्वतःस दूरदर्शीपणा म्हणवितो, उधळेपणा औदार्याची झूल पांघरतो, पण झिंगण्याला ज्याचें नांव उसनें घ्यावें असा सद्गुणच नाहीं. म्हणून त्याविषयीं आडवळणानेंच बोलावें लागतें.

कायद्यास ही भीड नाहीं. इंग्लंडांत १८७२ च्या परवाना-कायद्यानें सार्वजनिक जागीं झिंगलेल्यास दंड ठरविला, तो ‘ड्रंक’ या उघड शब्दानें. बैठकींत दोनशें नांवें खपतात. न्यायासनापुढें एकच उरतें.