धोका मोजायचा कसा?

बैल घेताना आमच्या उमरखेडकडचा शेतकरी दोन गोष्टी विचारतो: दात किती, आणि मारका आहे का? बैलाबद्दल विकणारा शब्द देतो. माणसाबद्दल कोणी द्यायचा? बलात्काराची शिक्षा भोगून सुटलेला माणूस पुन्हा तेच करील का, हा प्रश्न लेकीबाळी असलेल्या प्रत्येक घराचा आहे.

इंग्रज सरकारने याचे उत्तर फार सोपे करून टाकले होते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने धोका जन्मावरून ठरू लागला. पुढे पारधीही त्या यादीत आले. पाळण्यातले मूलही गुन्हेगार! 1952 साली तो कायदा गेला. लोकांची नजर मात्र पुरती बदलली नाही.

परदेशात हा प्रश्न मानसशास्त्राने हाती घेतला. तज्ज्ञ कैद्याशी बोलून अंदाज सांगत. 1981 मध्ये अमेरिकेच्या जॉन मोनाहन यांनी तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हा ‘हा हिंसा करील’ हे भाकीत तीनदा केले, तर जेमतेम एकदा खरे ठरत होते. 1999 मध्ये कार्ल हॅन्सन आणि डेव्हिड थॉर्नटन यांनी लैंगिक गुन्हेगारांसाठी ‘स्टॅटिक-99’ ही दहा मुद्द्यांची मोजणी केली. वय, आधीचे गुन्हे, बळी ओळखीचा की अनोळखी, अशा मुद्द्यांना गुण द्यायचे. नुसत्या अंदाजापेक्षा हे बरे. पण तेवढे गुण मिळालेल्या शंभरांत साधारण किती जण पुन्हा गुन्हा करतात, इतकेच त्या बेरजेवरून कळते. समोरचा त्यातला कोणता, हे कळत नाही.

आपल्याकडे 1980 च्या बच्चनसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आरोपी सुधारणार नाही हे सरकारने पुराव्याने दाखवावे. तरीही अमरावती जिल्ह्यातल्या तीन वर्षांच्या चिमुरडीवरील अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात 2012 मध्ये फाशी कायम झाली. 2018 मध्ये त्याच न्यायालयाने ती बदलून मरेपर्यंत कैद दिली. सुधारण्याची शक्यता नीट तपासलीच नव्हती, हे त्यामागचे एक कारण. 2022 मध्ये मनोज खटल्यात आदेश झाला: फाशीच्या खटल्यांत आरोपीच्या मानसिक तपासणीचा अहवाल सरकारने खटल्याच्या वेळीच द्यावा.

त्या चिमुरडीच्या आईला हे सांगताना माझी जीभ अडखळेल. पण जातीवरून किंवा संतापाच्या भरात धोका ठरवला, तर निरपराध अडकतो आणि खरा धोकादायक माणूस गल्लीतच राहतो. तिच्या गल्लीतल्या दुसऱ्या लेकीसाठी तरी ही तपासणी नीट व्हायला हवी.