शिक्षणाची शिल्लक

कॉलेज मध्येच सोडलेल्या माणसाचे 'शिक्षण अर्धवट राहिले' असे आपण म्हणतो. ते किती झाले होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. वडील आजारी पडले म्हणून दुसऱ्या वर्षानंतर नोकरीस लागलेला मुलगा काय किंवा लग्न ठरले म्हणून कॉलेजला रामराम ठोकलेली मुलगी काय, दोघांच्याही उत्तीर्ण झालेल्या वर्षांची किंमत समाजाच्या लेखी शून्यच ठरते. आज अशी माणसे ऑनलाइन पदवीकडे वळतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'आमची ती दोन वर्षे धरणार का?' प्रश्न साधा दिसतो. त्यामागे शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावा असा आमचा विचार आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवणे कॉलेजांचे आणि परीक्षा घेणे विद्यापीठाचे, अशी ती वाटणी होती. १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे पहिले चौघे बी. ए. झाले. या पद्धतीत पदवी म्हणजे एकाच विद्यापीठाच्या परीक्षांची ओळीने ओवलेली माळ. दोरा तुटला की मणी विखुरले. विखुरलेला मणी दुसऱ्या माळेत ओवता येईल, ही कल्पनाच त्या रचनेत नव्हती.

ती कल्पना आली अमेरिकेतून, आणि आली तीही आडवाटेने. १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झालेल्या चार्ल्स एलियट यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मोकळीक वाढवीत नेली. प्रत्येकाचे विषय निराळे झाल्यावर 'किती शिकला' हे मोजण्यासाठी काही माप हवेच होते. पुढे १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. मग कॉलेज कशास म्हणावे, हे ठरवणे विश्वस्तांस भाग पडले. प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने शाळेत चौदा 'एकके' पुरी केलेली असावीत, अशी अट त्यांनी घातली; एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे १२० तास. निवृत्तिवेतन हवे म्हणून संस्थांनी हे माप स्वीकारले. विद्येचा तराजू असा पेन्शनीच्या बाजारात घडला, हे ऐकून हसू येईल. पण तो घडला खरा.

या मापाचा दोष उघड आहे. तास मोजल्याने बैठक मोजली जाते, ज्ञान नव्हे. तरीही त्याने एक मोठे काम केले. विद्येला नाणे मिळाले, आणि नाणे म्हटले की त्याची अदलाबदल आली. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये चालत. एकाच्या बदली दुसरा घ्यायचा तर सराफ बट्टा कापी. एका विद्यापीठाचे श्रेयांक दुसऱ्याने स्वीकारणे हा असाच व्यवहार आहे. येथे सराफाच्या जागी विद्यापीठ बसते आणि बट्टा विद्यार्थ्याच्या आयुष्यातून जातो.

हा बट्टा कमी करण्याचे मोठे पाऊल इंग्लंडात पडले. १९६९ साली सनद मिळालेल्या मुक्त विद्यापीठात १९७१ पासून शिक्षण सुरू झाले. साधी पदवी सहा श्रेयांकांची असे, आणि आधी केलेल्या उच्च शिक्षणाबद्दल त्यांतून सूट मिळू शके. युरोपात १९८९ पासून एका पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक धरण्याची पद्धत आली. आपल्याकडे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. दिल्लीच्या त्या विद्यापीठाने एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास असे धरले. त्यात घरी बसून केलेले वाचनही आले. वर्गाच्या भिंती येथे ओलांडल्या गेल्या. २०२० साली ऑनलाइन पदव्यांचे नियम झाले आणि २०२१ साली श्रेयांकांची पेढी निघाली. विद्यार्थ्याच्या नावे खाते; शिकलेले त्यात जमा.

मात्र पेढीलाही अटी आहेत. २०२१ च्या नियमांनी जमा श्रेयांकांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे ठेवली, आणि पदवी देणाऱ्या संस्थेतच निदान निम्मे श्रेयांक मिळवावेत असे ठरवले. दुसरी अट आम्हांस समजते. जिची मोहोर तिने काहीतरी पारखलेले असावे. पहिलीबद्दल मात्र आमचे समाधान होत नाही. संगणकशास्त्र सात वर्षांत जुने होते हे खरे. पण ज्ञानेश्वरीचा अभ्यास किंवा भूमिती कशी शिळी होणार? शिवाय मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या बाईला सात वर्षे कोठून पुरावीत? ज्याच्या ज्ञानाबद्दल शंका असेल त्याची परीक्षा घ्यावी. न तपासताच खाते कोरे करणे न्यायाचे नव्हे.

तोवर आपल्या हाती एवढेच आहे, की जुन्या गुणपत्रिका आणि त्या वर्षांचे अभ्यासक्रम जपून ठेवावेत, आणि नव्या संस्थेत फी भरण्यापूर्वी किती श्रेयांक धरले जातील हे लेखी मागून घ्यावे. घरात कोणाची अशी दोन वर्षे ट्रंकेत पडून असतील, तर आज घरी गेल्यावर ती ट्रंक उघडावी, एवढीच आमची विनंती आहे.