पुरात थांबलेली पद्मिनी

7 ऑगस्ट 2006 रोजी तापीचे पाणी सुरतेत शिरले. अडाजण, रांदेर भागांत तळमजले बुडाले. त्या वर्षी गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. हाताशी जेमतेम 20 दिवस, तरीही चिखल उपसून आपल्या लोकांनी गणपती बसवले. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांची, आम्हां सगळ्यांच्या काकांची, 1974 ची प्रीमियर पद्मिनी मात्र त्या पुरात टपापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर ती ढकलत पार्किंगच्या कोपऱ्यात नेली, ती तिथेच राहिली.

यंदा चतुर्थी पुन्हा 27 ऑगस्टलाच आली. मध्ये 19 वर्षे गेली. सोसायटीला आता ती जागा हवी आहे आणि भंगारवाला दोनदा चौकशी करून गेला आहे. गाडी द्यायची की दुरुस्त करायची, हे ठरवण्यासाठी आम्हांला आधी तिचा इतिहास चाळावा लागला.

हा इतिहास आपल्या माणसांचाच आहे. सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग देशात उभे करण्याचा ध्यास घेतला. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना 1944 ची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. 1951 पासून इटलीच्या फियाटशी सहकार्य सुरू झाले. सुटे भाग आणून नुसती जुळणी न करता गाडी इथेच बनवावी, असे धोरण सरकारने आखले, तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स या मोठ्या कंपन्यांनी देशातले काम आवरते घेतले. प्रीमियर टिकली. वालचंद 1953 साली गेले. पुढच्याच वर्षी फियाट 1100 आली. तिच्या गोलमटोल आकारामुळे मुंबईकरांनी तिचे नाव ‘डुक्कर फियाट’ ठेवले. 1964 च्या सुमारास नव्या बांध्याची ‘डिलाइट’ आली आणि 1974 मध्ये तोच बांधा ‘पद्मिनी’ या नावाने विकला जाऊ लागला. इटलीत हे मॉडेल 1966 मध्येच बंद झाले होते. कुर्ल्यात मात्र ते 2000 सालच्या आसपासपर्यंत बनत राहिले.

नवे मॉडेल नाही, स्पर्धा नाही, नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची, अशी तक्रार त्या काळी घरोघरी होती आणि ती खरीच होती. पण एकच गाडी इतकी वर्षे बनत राहिल्याचा एक फायदाही झाला. तिचे 1089 सी.सी.चे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मागच्या पाटे-स्प्रिंगा यांची सवय गल्लीबोळातल्या मिस्त्रींच्या हातांना झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे सुटे भागही मिळत राहिले. 30 ऑक्टोबर 2023 पासून त्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. म्हणजे दुरुस्ती करायची तर ती जुने मिस्त्री हाताशी आहेत तोवरच.

आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावले, “चावी फिरवायची नाही.” बुडालेले इंजिन घाईने सुरू केले तर आतला गाळ आणि गंज सिलिंडर ओरबाडून काढतो. त्यांनी खालचा नट उघडला, तेव्हा तेलाआधी मातकट पाणी बाहेर आले. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेले. गिअरबॉक्सचीही तीच अवस्था होती. मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडले आणि काही दिवस तसेच मुरू दिले. त्यानंतर पान्याने क्रँक किंचित पुढे, किंचित मागे, असे करत करत ते मोकळे केले. चारही चाकांचे ब्रेक ड्रमचे, तेही गंजून धरलेले. ब्रेकची सगळी रबरे, टायर आणि वायरिंग बदलावेच लागणार. टाकी धुऊन काढायची आणि पेट्रोलच्या नळ्या हल्लीच्या इथेनॉल-मिश्रित पेट्रोलला टिकतील अशा घालायच्या.

इथे एक मोह होतो. एका गॅरेजने दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवून, नवा रंग मारून ‘एकदम चकाचक’ करून देण्याची तयारी दाखवली. खर्चही कमी होता. पण 2021 साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी जे नियम केले, त्यांत व्हिंटेज म्हणून नोंद होण्याच्या दोन मुख्य अटी आहेत. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे पूर्ण झालेली हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला नेता येते. काकांच्या गाडीला 2024 मध्ये 50 वर्षे झाली. पुराच्या वेळी रेशनकार्डाबरोबर त्यांनी आर.सी. बुकही वरच्या मजल्यावर नेले होते, ते आज उपयोगी पडते आहे.

या नियमामागचा विचार आम्हांला पटला. जीव ज्यावर अवलंबून आहे, ते ब्रेक, टायर, वायरिंग नवे घ्यावे. बाकी जे टिकले आहे ते साफ करून तसेच ठेवावे. कुर्ल्यातल्या कामगारांनी घडवलेले इंजिन काढून टाकले, तर उरेल ती फक्त पद्मिनीसारखी दिसणारी गाडी. आपल्या जुन्या वाड्यांचे, देवळांचेही असेच झाले आहे. जीर्णोद्धार म्हणून काम काढले आणि जुन्या दगडावर ऑइलपेंट फासून बसलो.

भंगारवाल्याला आम्ही नाही म्हणून कळवले आहे. सोसायटीने दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. इंजिन हाताने फिरते, अजून सुरू झालेले नाही. दाराच्या आतल्या पत्र्यावर पुराच्या गाळाची रेघ आहे, ती पुसू नका असे काकांनी मिस्त्रींना सांगितले आहे. दसऱ्याला गाडीची पूजा मंडळाच्या कार्यालयासमोर करायचे ठरले आहे. चालू झाली तर चालवत आणू, नाही तर सगळे मिळून ढकलत आणू.