भामरागडात बसून अमेरिकेत कंपनी काढता येते का? खर्च, कागदपत्रे आणि धोके समजून घ्या

हेमलकसा (ता. भामरागड) / प्रतिनिधी :

"घरबसल्या अमेरिकेत कंपनी काढा, डॉलरमध्ये कमवा, टॅक्स शून्य." अशा जाहिराती आता आपल्या भागातल्या पोरांच्या मोबाईलवरही येऊ लागल्या आहेत. माझा भाचा नागपुरात वेबसाइट बनवायचं काम शिकून गावी परत आला. त्याला व्हॉट्सॲपवर एका एजंटनं अशा कंपनीसाठी ५५ हजार रुपये सांगितले. पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी त्यानं मला विचारलं, "मामा, हे खरं असते का?" मलाही उत्तर येत नव्हतं. मग सीएकडे बसून एक एक गोष्ट समजून घेतली. तीच इथं मांडतो, कारण हा प्रश्न आता एकाच घरातला राहिला नाही.

थोडक्यात उत्तर असं. कंपनी काढता येते आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. पण काढणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. त्यानंतर दरवर्षी दोन देशांचे कागद भरावे लागतात, आणि तिथं चूक झाली तर दंड लाखांत जातो.

एलएलसी म्हणजे काय?

एलएलसी म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी. अमेरिकेत असा कायदा सगळ्यात आधी १९७७ साली वायोमिंग राज्यानं केला. नंतर तो सगळ्या राज्यांत आला.

यात दोन गोष्टी समजल्या की बाकी समजते. पहिली, कंपनी ही मालकापासून वेगळी कायदेशीर व्यक्ती असते. हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना मिळाला. तो कोण्या एका माणसाच्या नावानं नव्हता, ग्रामसभेच्या नावानं होता. माणसं बदलतात, ग्रामसभा राहते. कंपनीचंही तसंच.

दुसरी गोष्ट, नुकसानीला हद्द असते. तुम्ही कंपनीत ५० हजार टाकले आणि धंदा बुडाला, तर देणेकरी कंपनीच्या पैशावर हक्क सांगतो. तुमची धानाची बांधी, बैलजोडी, घर यावर नाही. मात्र तुम्ही स्वतः हमी लिहून दिली असेल, फसवणूक केली असेल, किंवा घरचा आणि कंपनीचा पैसा एकाच खात्यात मिसळला असेल, तर हे संरक्षण टिकत नाही.

इथं बसून कशी काढतात?

अमेरिकेत एलएलसीचा मालक व्हायला तिथलं नागरिकत्व, व्हिसा किंवा तिथं राहणं, यातलं काहीच लागत नाही. पायऱ्या अशा :

१. राज्य निवडणे. बाहेरचे लोक बहुतेक वायोमिंग किंवा डेलावेअर निवडतात.

२. नाव ठरवणे. त्या राज्यात तेच नाव आधी घेतलेलं नसावं.

३. नोंदणीकृत एजंट नेमणे. त्या राज्यात पत्ता असलेला आणि सरकारी टपाल स्वीकारणारा माणूस किंवा संस्था लागतेच. त्याची फी दरवर्षी असते.

४. राज्याकडे अर्ज आणि फी. वायोमिंगची फी १०० डॉलरच्या आसपास आहे.

५. ऑपरेटिंग ॲग्रीमेंट. कंपनी कोणाची, कारभार कोण करेल, नफा कसा वाटायचा, याचा करार.

६. ईआयएन क्रमांक. हा कंपनीचा कर क्रमांक, आपल्या पॅनसारखा. अमेरिकेचं आयकर खातं, म्हणजे आयआरएस, तो फुकट देते. ज्याच्याकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही त्याला ऑनलाइन मिळत नाही. एसएस-४ नावाचा अर्ज फॅक्सनं किंवा टपालानं पाठवावा लागतो, त्यामुळे वेळ लागतो. एजंट यासाठी वेगळे पैसे मागत असेल तर ते त्याच्या मेहनतीचे आहेत, सरकारी फी नाही.

७. बँक खाते. खरी अडचण बहुतेक इथं येते. बँक तुमचा धंदा तपासते आणि कारण न देता नाही म्हणू शकते.

आणखी एक. मालकांची माहिती देणारा 'बीओआय' अहवाल भरण्यासाठी एजंट पैसे मागतात. मार्च २०२५ पासून अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना त्यातून सूट आहे. जुने व्हिडिओ पाहून पैसे देऊ नका.

दुसरे देश कोणते?

ब्रिटनमध्येही बाहेरचा माणूस कंपनी काढू शकतो. पण पत्ता ब्रिटनमधला लागतो आणि नोव्हेंबर २०२५ पासून संचालकांना ओळख पडताळणी बंधनकारक झाली आहे. एस्टोनिया या छोट्या देशानं डिसेंबर २०१४ मध्ये ई-रेसिडेन्सी सुरू केली. त्या डिजिटल कार्डावर तिथली कंपनी चालवता येते, पण तिथं राहायचा हक्क मिळत नाही.

दुबईचं नाव आपल्याकडे जास्त ऐकू येते. विदर्भातले धनंजय दातार यांच्या कुटुंबानं १९८४ साली दुबईत छोटं किराणा दुकान टाकलं. त्यातूनच पुढं अल अदील हा मोठा उद्योग उभा राहिला. पण ते तिकडं जाऊन, तिकडं राहून झालेलं काम आहे, घरबसल्या नाही. पूर्वी तिथं मुक्त व्यापार क्षेत्राबाहेर बहुतेक धंद्यांत ५१ टक्के वाटा स्थानिक माणसाचा ठेवावा लागे. २०२१ पासून बहुतेक धंद्यांत ती अट गेली. तरी लायसन्सचा वार्षिक खर्च अमेरिकेच्या मानानं बराच जास्त पडतो.

दरवर्षी अमेरिकेत काय भरावं लागते?

जाहिरात जिथं संपते तिथून हे सुरू होते.

राज्याची वार्षिक फी : वायोमिंगमध्ये कमीत कमी ६० डॉलर. डेलावेअरमध्ये ३०० डॉलर, १ जूनपर्यंत. चुकली तर २०० डॉलर दंड आणि वर व्याज.

फॉर्म ५४७२ : मालक एकटाच आणि परदेशी असेल तर हा फॉर्म महत्त्वाचा. मालक आणि कंपनी यांच्यात झालेले व्यवहार त्यात दाखवावे लागतात. तुम्ही टाकलेलं भांडवलही व्यवहारच धरलं जाते. मुदत साधारण १५ एप्रिल. कर एक रुपया लागत नसला तरी फॉर्म लागतो. न भरल्यास दंड २५ हजार डॉलर, म्हणजे २० लाख रुपयांच्या वर.

'टॅक्स शून्य' ही गोष्ट अर्धी खरी आहे. तुमचं तिकडं ऑफिस नाही, माणूस नाही, माल ठेवलेला नाही, सगळं काम इथं बसून होते, तर साधारणपणे अमेरिकेत त्या कमाईवर आयकर लागत नाही. पण तुम्ही भारतात राहता. भारतात राहणाऱ्याला जगात कुठंही झालेली कमाई इथं दाखवावी लागते आणि कर इथं भरावा लागतो.

भारतात काय करावं लागते?

पैसा पाठवताना : कंपनीत टाकायचं भांडवल बँकेमार्फतच गेलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत मर्यादा आहे. हवाला, क्रिप्टो हे मार्ग नाहीत.

परदेशी गुंतवणुकीची नोंद : २२ ऑगस्ट २०२२ पासून नवे नियम लागू आहेत. बँकेकडे फॉर्म एफसी द्यावा लागतो आणि युनिक ओळख क्रमांक मिळतो. तालुक्याच्या शाखेत हे काम रोजचं नसते. परकीय चलनाचं काम करणाऱ्या मोठ्या शाखेत जावं लागेल. त्यानंतर कंपनीचा वार्षिक अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत द्यायचा. जुगार आणि जमीन-घरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा यांना परवानगी नाही.

आयकर विवरणपत्र : परदेशात कंपनीचा हिस्सा किंवा खातं असेल तर कमाई मर्यादेखाली असली तरी विवरणपत्र भरावंच लागते. साधे आयटीआर-१ आणि आयटीआर-४ चालत नाहीत. परदेशी मालमत्तेचा तक्ता, म्हणजे शेड्यूल एफए, भरावा लागतो. माहिती लपवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाखांचा दंड आहे. जमीन-घर सोडून बाकी परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे. सूट दंडाला आहे, माहिती देण्याला नाही.

आता या तारखा आपल्या हंगामाला लावून बघा. १५ एप्रिल म्हणजे मोहफुलं वेचायचे दिवस. १ जून म्हणजे तेंदूची कामं संपून खरिपाची तयारी. विवरणपत्राचे दिवस जुलै-ऑगस्ट, म्हणजे रोवणी. ३१ डिसेंबर म्हणजे धानाची मळणी आणि विक्री. त्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, टॉवर बंद, ओटीपी येत नाही. मुदत मात्र पुरासाठी थांबत नाही. म्हणून कंपनी काढायचीच असेल तर कागद सांभाळणारा माणूस आधी ठरवा, राज्य नंतर.

कोणाला लागते, कोणाला नाही?

लागू शकते : ज्याचे गिऱ्हाईक अमेरिकेतले आहेत आणि त्यांना तिकडच्याच कंपनीशी करार हवा आहे. जो ॲप किंवा सॉफ्टवेअर विकतो आणि त्याला लागणारी पैसे घेण्याची सेवा भारतात सहज मिळत नाही. ज्याची कमाई एवढी आहे की दोन्हीकडच्या सीएची फी जाऊनही हातात पैसा उरतो.

लागत नाही : बाहेरच्या गिऱ्हाईकाला डिझाइन, टायपिंग, वेबसाइट करून देणारा एकटा माणूस. पॅन, आपलं बँक खातं आणि नीट बिल एवढ्यावर परदेशातून पैसे घेता येतात. उद्यम नोंदणी फुकट होते.

लागत नाही : बांबूच्या वस्तू, मध, मोहफुलं बाहेर पाठवायची इच्छा असणारा. २०२१ साली शेजारच्या छत्तीसगडमधल्या कोरबा जिल्ह्यातली वाळवलेली मोहफुलं समुद्रमार्गे फ्रान्सला गेली. माल बाहेर पाठवायला परदेशात कंपनी असणं ही अट नाही. लागतो तो आयात-निर्यात कोड. तो विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून दरम्यान माहिती अद्ययावत करायची, ते फुकट आहे. खायचा माल असेल तर अन्न सुरक्षा विभागाचं लायसन्स आणि घेणाऱ्या देशाचे नियम बघावे लागतात. छोट्या पार्सलसाठी टपाल खात्यानं डाक घर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत. पोस्टात त्याची चौकशी करा.

मर्यादित जबाबदारी हवी असेल तर तीही इथंच मिळते. दोघं मिळून २००८ च्या कायद्याखाली एलएलपी काढू शकता. एकट्यासाठी २०१३ च्या कंपनी कायद्यात एक व्यक्ती कंपनी आहे. आणि कास्तकार, वनोपज गोळा करणारे अशा किमान १० उत्पादकांना मिळून उत्पादक कंपनी काढता येते. तिला किमान ५ संचालक लागतात. गावाच्या कामासाठी हाच मार्ग जास्त जवळचा, कारण सभा आपल्या भाषेत होते आणि कागद आपल्या देशात राहतात.

एजंटला हे पाच प्रश्न विचारा

१. ५५ हजारात सरकारी फी किती आणि तुमची किती? वेगळं लिहून द्या.

२. दुसऱ्या वर्षी मला किती भरावं लागेल?

३. फॉर्म ५४७२ कोण भरणार? त्याची फी यात आहे का?

४. भारतातला फॉर्म एफसी आणि शेड्यूल एफए तुम्हाला माहीत आहे का?

५. कंपनी बंद करायची झाली तर काय करायचं, किती खर्च?

माझ्या भाच्यानं तिसरा प्रश्न पाठवला. उत्तर आलं, "त्याची गरज नसते." चौथ्या प्रश्नावर उत्तरच आलं नाही.

एक धोका याहून मोठा आहे. "तुम्ही फक्त आधार, पॅन आणि सही द्या, तुम्हाला डायरेक्टर करतो, महिन्याला पैसे देतो," असं कोणी म्हणालं तर तिथंच थांबा. अशा कंपन्यांच्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो आणि पोलीस सहीवाल्याच्या दारात येतात. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जेवढा उशीर, तेवढा पैसा परत मिळणं अवघड.

बंद करणंही कामाचंच आहे. कंपनी नुसती सोडून दिली म्हणजे ती बंद होत नाही. राज्याकडे विसर्जनाचा अर्ज, शेवटच्या वर्षाचे फॉर्म, आणि आपल्या बँकेला गुंतवणूक संपल्याची माहिती, हे सगळं द्यावं लागते.

भाच्यानं ते ५५ हजार पाठवले नाहीत. उद्यम नोंदणी केली, चालू खातं उघडलं, बिलाचा नमुना बनवला. बाहेरच्या गिऱ्हाईकाचे पहिले पैसे त्याच्या इथल्या खात्यात जमा झाले. उद्या त्याचं काम वाढलं आणि तिकडची कंपनी खरंच लागली तर तो काढेलही. पण तेव्हा त्याला माहीत असेल की एप्रिलमध्ये काय भरायचं आहे.

(नियम आणि फी बदलत राहतात. पैसे भरण्याआधी परदेशी व्यवहार जाणणाऱ्या सीएचा सल्ला नक्की घ्या.)